‘लिमिटमध्ये आहे ना? मग जाऊ दे’

ताई,

मी चाकणच्या एका ऑटो-पार्ट कंपनीत क्वालिटीला आहे. वय ४१. सोळा वर्षं नोकरी, त्यातली पाच क्वालिटी हेड म्हणून. दीड वर्षापूर्वी आमच्याकडून कस्टमरला ४,२०० पिना गेल्या, इंडक्शन हार्डनिंग केलेल्या, म्हणजे विजेनं तापवून झटकन थंड करून वरून कडक केलेल्या. त्यातल्या बऱ्याच मऊ निघाल्या. कस्टमरची असेंब्ली लाइन तीन तास थांबली. मग त्यांच्या यार्डात दहा दिवस चांगल्या-वाईट पिनांचं सॉर्टिंग, नुकसान आमच्या बिलातून कापणारी डेबिट नोट, रोज सकाळी आठला फोनवर झाडाझडती. कारण शेवटी साधंच निघालं. क्वेंचच्या, म्हणजे तापलेली पिन थंड करायच्या पाण्याच्या नोझलची भोकं गाळानं तुंबली होती, पिनेला सगळीकडून सारखं पाणी लागतच नव्हतं. दोन दिवस आधी आमचा लाइन इन्स्पेक्टर म्हणाला होता की कडकपणाचं रीडिंग खालच्या टोकाला चाललंय, एक पिन कट करून बघू का. पण रीडिंग लिमिटमध्ये होतं आणि महिनाअखेर होती. असो. चुकीचं मूळ कारण आणि उपाय लिहिलेला एट-डी रिपोर्ट दिला, कस्टमरनं तो क्लोज केला.

मला हेडवरून काढून ऑडिटच्या फायली सांभाळायला बसवलं. चौदा महिने. केबिन गेली त्याचं एवढं वाटलं नाही. पण कॅन्टीनमध्ये मी ताट घेऊन टेबलाशी आलो की बोलणं थांबायचं. आता साताऱ्याच्या प्लांटला पुन्हा क्वालिटी हेड म्हणून पाठवतायत. एकोणीस जणांची टीम. माझी गोष्ट तिथे माझ्याआधी पोचली असणार. आमचे प्लांट हेड म्हणाले, “जुनं काही उकरून काढू नकोस. अनुभवी माणूस म्हणून जा. अशा ठोकरा खाऊनच लीडर घडतो. कलामांचं पहिलं रॉकेटसुद्धा समुद्रातच पडलं होतं.”

खरं सांगू? मला काही घडल्यासारखं वाटत नाही. मी नुसता घाबरट झालोय. ई-मेल असल्याशिवाय कशालाही हो म्हणत नाही, सही करताना तीनदा वाचतो, घरातून निघालो की गॅस बंद केला का बघायला जिना चढून परत जातो. पूर्वी मी कडक होतो, आवाज चढायचा. आता सगळ्यांशी गोड बोलतो आणि ते माझं मलाच खोटं वाटतं. नव्या टीमला सांगू की नको? आणि ही भीती कधी जाईल का?

— एक वाचक, चाकण

नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा चहा पिता पिता, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. दुसऱ्या वेळी एका शब्दाखाली रेघ मारली. तो शब्द आहे ‘असो’. मराठीत आपण ‘असो’ दोनदाच म्हणतो. सांगायचं सगळं सांगून झालं की, नाहीतर सांगायचं नसलं की. तुमचा ‘असो’ दुसरा आहे. त्याच्याकडे येते, पण आधी तुमच्या साहेबांचं वाक्य निकालात काढू.

ठोकर खाऊन माणूस लीडर घडतो, हे आपोआप होत नाही. ठोकर लागली की आधी अंगठा सुजतो आणि माणूस लंगडतो. तुम्ही आत्ता लंगडताय, आणि ते लपवत नाही आहात, हे मला बरं वाटलं. कारण मी नोकरीत असताना असे बरेच साहेब पाहिले, जे लंगडणं हीच आपली नवी चाल म्हणून मिरवायचे. ‘मी आता फार काळजीपूर्वक काम करतो.’ म्हणजे काय, तर काहीही झालं तरी आपल्या नावावर येणार नाही एवढी काळजी. दुधानं तोंड पोळलं की ताक फुंकून पिणं समजू शकते. पण साहेब पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागले की हाताखालचे एकोणीस जण तेच करतात, आणि मग दुपारपर्यंत कुणाच्याच घशात घोट जात नाही.

क्वालिटीत तर हे फारच सोपं आहे. शंका आली, लॉट होल्डवर. शंका नाही आली, तरी होल्डवर. शंभर टक्के तपासणी लावा. तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे की शंभर टक्के तपासणी शंभर टक्के सापडवत नाही. सहाव्या तासाला डोळे पिनेवर असतात आणि मन बसच्या वेळेवर. आणि प्रत्येक निर्णय साहेबांच्या ई-मेलवर थांबायला लागला, की लाइनवरचा माणूस स्वतः बघायचं सोडून देतो. तुमची भीती तुम्हाला सुरक्षित वाटते. साताऱ्यात ती पुढची ४,२०० पिनांची गोष्ट तयार करेल. एवढं कडक बोलल्याबद्दल राग मानू नका.

आता तो ‘असो’.

इन्स्पेक्टर म्हणाला, रीडिंग खाली चाललंय, एक पिन कट करून बघू का. तुम्ही काय म्हणालात ते तुम्ही लिहिलंच नाही. मी अंदाज करते, चुकला तर सांगा: “लिमिटमध्ये आहे ना? मग जाऊ दे.” हे वाक्य मी कारखान्यात इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही ओळखेन. ते वाक्य खोटं नसतं, तीच तर त्याची गंमत आहे. रीडिंग खरंच लिमिटमध्ये होतं. पण तुमच्याच ट्रेनिंगच्या वहीत लिहिलेलं असेल, रीडिंगच्या आलेखावर सलग सात बिंदू एकाच दिशेनं उतरत गेले की ते लिमिटच्या आत असले तरी प्रोसेस काहीतरी सांगतेय. असा पहिला आलेख, म्हणजे कंट्रोल चार्ट, वॉल्टर शेवार्ट या अमेरिकन माणसानं काढला १९२४ साली. म्हणजे शंभर वर्षं झाली, लिमिट ही एक गोष्ट आणि कल ही दुसरी, हे माहीत आहे. तुमच्या इन्स्पेक्टरनं तो कल चार्ट न काढता पाहिला. एक पिन, कापून, पॉलिश करून, अ‍ॅसिड लावून मायक्रोस्कोपखाली धरायला किती वेळ लागला असता? पाऊण तास?

तुमच्या साहेबांनी कलामांचं उदाहरण दिलं. हे उदाहरण आपल्याकडे सत्यनारायणाच्या कथेसारखं सांगतात, आणि अर्धंच सांगतात. १० ऑगस्ट १९७९. श्रीहरिकोटा. एसएलव्ही-३ चं पहिलं उड्डाण, कलाम प्रकल्प संचालक. रॉकेट बंगालच्या उपसागरात पडलं. मग इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन स्वतः पत्रकारांसमोर बसले, जबाबदारी स्वतःवर घेतली, आणि माझ्या टीमवर माझा विश्वास आहे म्हणाले. १८ जुलै १९८० ला दुसरं उड्डाण यशस्वी झालं तेव्हा धवनांनी कलामांना पुढे केलं, पत्रकार परिषद तू घे म्हणून. इथे टाळ्या पडतात, आणि पडाव्यातच. धवन पुण्या-मुंबईच्या कुठल्याही साहेबानं भिंतीवर लावावेत असे होते.

पण कलामांनी स्वतः अनेक भाषणांत आणखी एक गोष्ट सांगितली आहे, ती आपल्या कथेतून गळते. उड्डाणाच्या काही मिनिटं आधी कम्प्युटरनं उलटी मोजणी थांबवली होती. नियंत्रण यंत्रणेत गळती दिसत होती. मागे बसलेल्या तज्ज्ञांनी हिशेब करून सांगितलं की इंधनाचा साठा पुरेसा आहे, काळजी नको. कलामांनी कम्प्युटरला बाजूला सारून उड्डाणाचा निर्णय घेतला. दुसऱ्या टप्प्यात घोटाळा झाला.

वाचताना काही आठवलं? कम्प्युटर म्हणाला, एकदा बघा. तज्ज्ञ म्हणाले, लिमिटमध्ये आहे.

कलाम मोठे झाले ते रॉकेट पडलं म्हणून नाही. पडणारी रॉकेटं जगात खूप आहेत. पुढे राष्ट्रपतिपदापर्यंत पोचलेला माणूस शाळेतल्या पोरांसमोर उभा राहून ‘कम्प्युटर नको म्हणत होता आणि मी उडवलं’ हे सांगत राहिला, मला त्याचं जास्त अप्रूप आहे. त्यांना ते सांगायची गरज नव्हती. धवनांनी तर आधीच पांघरूण घातलं होतं.

तुमच्यावर कुणा धवनांनी पांघरूण घातलं नाही, हे मला दिसतंय. तुमच्या साहेबांनी कस्टमरसमोर कुणाला पुढे केलं ते तुम्ही लिहिलं नाही, पण फायलींच्या खोलीत कोण जाऊन बसलं ते लिहिलंत. त्यात अन्याय झाला असेल. तुमचा वाटा जेवढा होता त्यापेक्षा जास्त शिक्षा मिळाली असेल. नोझल सफाईचं वेळापत्रक मेंटेनन्सचं होतं का, महिनाअखेरीचा दट्ट्या कुणाचा होता, हे प्रश्न खरे आहेत. पण ते तुमच्या हातात नाहीत. तुमच्या हातात आहे तुमचा वाटा, आणि तो नेमका तेवढाच सांगता येणं. जास्त नको, कमी नको.

जास्त सांगण्याचाही एक मोह असतो बरं का. ‘सगळं माझंच चुकलं’ म्हणणारा माणूस ऐकायला मोठा वाटतो. पण त्यातून कुणालाच काही कळत नाही, आणि समोरच्याला उगाच तुमची समजूत काढावी लागते.

आता तुमचा एट-डी. मी पाहिलेला नाही, पण पैजेवर सांगते, त्यात मूळ कारणाच्या रकान्यात ‘ऑपरेटरकडून नोझलची सफाई झाली नाही’ आणि उपायाच्या रकान्यात ‘ऑपरेटरला पुनर्प्रशिक्षण दिले’ असं काहीतरी असणार. इन्स्पेक्टरचं वाक्य त्यात नसणार. असतं तर कस्टमरनं लगेच विचारलं असतं की मग थांबवलं का नाही, आणि रिपोर्ट क्लोज झाला नसता.

मी हे इतक्या खात्रीनं का म्हणते, ते सांगते. भोसरीच्या एका कारखान्यात मी पर्सोनेल ऑफिसर होते. नव्वदच्या दशकातली गोष्ट. दिवाळीच्या बोनसची यादी माझ्याकडे. वर्षात किमान तीस दिवस भरले की माणूस बोनसला पात्र, मग तो टेम्पररी का असेना. मी क्लार्कला मागच्या वर्षीचा तक्ता दिला आणि म्हटलं, यावरून कर. त्या तक्त्यात टेम्पररींचं पानच नव्हतं. धनत्रयोदशीला खिडकीसमोर रांग लागली आणि ६३ जणांची पाकिटं नाहीत. कुणाची बायको पोराला कडेवर घेऊन गेटबाहेर उभी, इथून थेट कपडे घ्यायला जायचं म्हणून. वर्क्स मॅनेजर तरातरा आले. “काय झालं हे?” मी म्हटलं, “क्लार्ककडून राहिलं, सर.”

तो माझ्यापासून दोन पावलांवर उभा होता, रजिस्टर छातीशी धरून. काही बोलला नाही. पाकिटं भाऊबीज झाल्यावर मिळाली. मला कुणी काही म्हणालं नाही.

मी सुटले असं मला वाटलं. पुढची चार वर्षं त्या माणसानं माझं सगळं काम चोख केलं आणि मला एकदाही ‘मॅडम, इथे काहीतरी चुकतंय’ म्हटलं नाही. जे पुढे ठेवेल त्यावर ‘तुम्ही म्हणाल तसं’. शेवटी पीएफच्या रिटर्नमध्ये मी घातलेला घोळ दंडापर्यंत गेला. त्याला तो महिनाभर आधीच दिसला होता, हे मला नंतर कळलं. त्यानं का सांगावं? मला त्या खुर्चीतून उचललं आणि कॅन्टीन व युनिफॉर्मचं खातं दिलं. तुमच्या फायलींच्या खोलीची ही सख्खी बहीण.

कॅन्टीनमध्ये पहिल्याच आठवड्यात आचारी अकरा वाजता माझ्या टेबलाशी आला, हात पुसत. “मॅडम, डाळ लागली.” एका मोठ्या पातेल्यात तीनशे माणसांची डाळ. पर्सोनेल ऑफिसर असते तर मी आधी विचारलं असतं, कुणामुळे? पण तेव्हा माझ्याकडे सांभाळायला मान उरलाच नव्हता. मी म्हटलं, “मग काय करूया?” तो म्हणाला, वरची काढून घेतो, खालची सोडतो, पिठलं टाकतो, साडेबाराला तयार. साडेबाराला लोक पिठलं जेवले आणि बऱ्याच जणांना वाटलं आज बेत आहे.

मी नंतर पुष्कळ विचार केला, की हाच माणूस आधीच्या मॅडमना डाळ लागल्याचं सांगायचा का? नाही सांगायचा. त्या काळात कामगारांनी लागलेली डाळ मुकाट खाल्ली आहे, मीसुद्धा खाल्ली आहे.

मग ठोकरेनं मिळतं तरी काय? मला विचाराल तर एवढंच, आणि तेही थोड्या दिवसांपुरतं. सांभाळायला रुबाब नसतो म्हणून वाईट बातमी ऐकू येते. खुर्ची परत मिळाली की रुबाब परत येतो आणि कान पुन्हा बंद व्हायला लागतात. तुम्ही आत्ता नेमके त्या उंबऱ्यावर उभे आहात.

आणि चौदा महिने वाया गेले असं समजू नका. ऑडिटच्या फायली सांभाळत होतात म्हणजे कंपनीचे जुने एट-डी तुमच्या हाताखालून गेले. किती रिपोर्ट ‘ऑपरेटरला पुनर्प्रशिक्षण’वर संपले, मोजलेत का? नसतील तर निघायच्या आधी मोजा. साताऱ्याच्या प्लांटचेही तिथेच असतील. नव्या टीमबद्दल कुणीही सांगणार नाही ते त्या गठ्ठ्यात मिळेल. कुठल्या लाइनवर दर वेळी ऑपरेटरच चुकतो, ती लाइन आधी बघा. तिथे ऑपरेटर सोडून बाकी सगळं चुकतंय.

तुमच्याच धंद्यातलं एक मोठं उदाहरण देते, कारण कलामांवर सगळं भागवलं की तुम्ही म्हणाल, ती मोठी माणसं. साकिची टोयोदा हा जपानी गृहस्थ मागाचा कारागीर. त्यानं असा माग केला, की धागा तुटला की माग आपोआप थांबायचा. इचलकरंजी-भिवंडीकडच्या वाचकांना यातलं मोल सांगायला नको. तुटलेल्या धाग्यावर माग चालू राहिला की वारच्या वार कापड वाया. त्याच विचारातून पुढे टोयोटाच्या लाइनवर दोरी आली. कामगाराला काही खटकलं की त्यानं दोरी ओढायची. दिवा लागतो, टीम लीडर धावत येतो, गाडी त्या जागेवरून पुढे सरकण्याआधी दुरुस्त झालं तर ठीक, नाहीतर लाइन थांबते. तुमच्या कंपनीतही असा दिवा, ‘अँडॉन’, असेल. बहुतेक कारखान्यांत असतो, आणि बहुतेक कारखान्यांत त्या दिव्यावर धूळ असते.

पण हे सगळं शोधून काढलेली कंपनीच घसरली. आकिओ टोयोदा, साकिचींचे पणतू, २००९ च्या जूनमध्ये अध्यक्ष झाले आणि काही महिन्यांतच अमेरिकेत गाड्या आपोआप वेग घेतात म्हणून गदारोळ उठला. पायाखालची मॅट पेडलमध्ये अडकत होती, काही गाड्यांत पेडलच परत वर यायला वेळ लावत होतं. लाखो गाड्या परत बोलावल्या. २४ फेब्रुवारी २०१० ला ते अमेरिकन काँग्रेसच्या समितीसमोर बसले. त्यांच्या म्हणण्याचा गाभा असा होता: आम्ही फार वेगानं वाढलो, आधी सुरक्षितता, मग दर्जा, मग संख्या हा आमचा क्रम, तो बिघडला, आमच्या प्रत्येक गाडीवर माझं नाव आहे. माफी मागितली. मी हे उदाहरण घेते ते माफीसाठी नाही, त्या मधल्या वाक्यासाठी. त्यांनी कारण मॅटवर ढकललं नाही, कंपनीच्या हव्यासावर ठेवलं. पुढे टोयोटानं २४ फेब्रुवारी हा ‘पुन्हा सुरुवात करण्याचा दिवस’ म्हणून ठरवून टाकला. विजयाचा दिवस सगळेच साजरा करतात, हा उलटा आहे.

गोष्ट इथेही गोड संपत नाही. मार्च २०१४ मध्ये टोयोटानं अमेरिकन सरकारला १.२ अब्ज डॉलर दंड भरायचं मान्य केलं, आणि तो दंड दोषासाठी नव्हता, दोषाबद्दल ग्राहकांना दिशाभूल करणारी माहिती दिली यासाठी होता. म्हणजे वरचा माणूस मान खाली घालून बसला म्हणून खालपर्यंत सगळे खरं बोलायला लागतात असं नाही. ते रोज करावं लागतं.

तर, टीमला सांगायचं का? सांगा. पण पहिल्या दिवशी मीटिंग बोलावून, पॉवरपॉइंटवर ‘माझा प्रवास’ लावून नको. लोक हळहळतील आणि टी-ब्रेकला नक्कल करतील. थांबा. पहिल्या पंधरा दिवसांत कुणीतरी येईलच, ‘साहेब, रीडिंग जरा...’ म्हणत. तेव्हा, लाइनवर, उभ्या उभ्या सांगा. साधारण असं: “चाकणला असंच एकानं मला सांगितलं होतं. मी म्हटलं, लिमिटमध्ये आहे, जाऊ दे. पुढचं तुम्हाला माहीत आहे. कट कर एक.” तीन-चार वाक्यं. चेहरा पाडू नका, हसूही नका. ही गोष्ट त्या शिफ्टला सगळ्या प्लांटमध्ये जाईल, तुम्ही न सांगता.

आणि कट केल्यावर पिन चांगली निघाली तर? बहुतेक वेळा चांगलीच निघेल. तीच परीक्षा आहे. त्या वेळी तुमच्या तोंडून ‘बघ, उगाच वेळ घालवलास’ एवढं निसटलं की संपलं. तो पुन्हा येणार नाही. त्याच्यासमोर ती कापलेली पिन उचला, बघा आणि म्हणा, बरं झालं, आता शांतपणे डिस्पॅच करू. पाऊण तास आणि एक पिन ही स्वस्तातली खरेदी आहे, आणि महिनाअखेरीला प्लांट हेडचा फोन आला की तो पाऊण तास तुमच्या नावावर घ्या, त्याच्या नाही. धवनांकडून घ्यायचं ते हे.

साहेब ‘जुनं काढू नकोस’ म्हणाले, त्याचंही थोडं ऐका. कस्टमरच्या माणसासमोर, ऑडिटरसमोर, लग्नाच्या पंगतीत ही गोष्ट सांगायची काही गरज नाही. क्लोज झालेला रिपोर्ट स्वतःच्या मनानं उघडायलाही जाऊ नका. तसं वाटत असेल तर आधी साहेबांना समोरासमोर सांगा, इन्स्पेक्टरची सूचना त्यात यायला हवी होती म्हणून. ते काय करतात यावरून तुम्हाला त्यांच्याबद्दलही बरंच कळेल.

राहिला तुमचा स्वभाव. गोड बोलणं खोटं वाटतं म्हणता, तर सोडा ना. कडक माणसानं कडकच राहावं. क्रिकेटचे प्रशिक्षक चंद्रकांत पंडितांकडे बघा. त्यांच्या हाताखाली मुंबई रणजी जिंकली, पुढच्या मोसमात, जानेवारी २०१७ मध्ये, फायनल गुजरातकडून हरली आणि पंडितांना बाजूला केलं. ते विदर्भाकडे गेले आणि २०१८ च्या पहिल्याच दिवशी विदर्भानं इतिहासातली पहिली रणजी जिंकली, वर्षभरानं दुसरी. मग मध्य प्रदेश. १९९९ मध्ये मध्य प्रदेशचेच कर्णधार म्हणून बंगळुरूच्या ज्या चिन्नास्वामीवर ते पहिल्या डावाची आघाडी घेऊनही फायनल हरले होते, त्याच मैदानावर जून २०२२ मध्ये त्यांच्या संघानं करंडक घेतला, आणि हरवलं कुणाला तर मुंबईला. त्या दिवशी ते मैदानात रडले. पण या सगळ्या वर्षांत ते काही मऊ झाले नाहीत. शिस्तीबद्दल खेळाडू कुरकुरायचे ते कुरकुरतच राहिले. (मी मुंबईकर नाही, त्यामुळे ही गोष्ट मला जरा जास्तच आवडते.) आवाज चढला तर चढू द्या, फक्त बातमी आणणाऱ्यावर नको. नोझल का साफ झालं नाही यावर चढवा. दोन्हींतला फरक लाइनवरच्या माणसाला एका दिवसात कळतो.

भीती जाईल का? पूर्ण नाही जाणार. माझी बोनसची भीती रिटायर होईपर्यंत होती, धनत्रयोदशीला अजून पोटात गोळा येतो. पण भीतीला काम देता येतं. ई-मेल मागण्याऐवजी, रोज शिफ्ट बदलताना दहा मिनिटं लाइनवर जा आणि एकच विचारा: ‘आज काय खटकलं?’ पहिले काही दिवस ‘सगळं ठीक, साहेब’ येईल. त्यावर विश्वास ठेवू नका आणि रागावूही नका, दुसऱ्या दिवशी परत जा. गॅस बघायला परत जिना चढताय, ते मात्र महिनाभरात कमी झालं नाही, झोप उडायला लागली, तर डॉक्टरांना दाखवा. त्यात लाजण्यासारखं काही नाही, आणि ते माझ्या सदराचं काम नाही.

साताऱ्याला रुजू होण्याआधी मात्र एक फोन करा. त्या इन्स्पेक्टरला. त्याचं पुढे काय झालं हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. शनिवारी, पहिली शिफ्ट सुटून तो घरी पोचला असेल अशा वेळी करा. लांबण लावू नका. ‘तू म्हणाला होतास, एक पिन कट करून बघू. मी नको म्हटलं. ते रिपोर्टमध्ये यायला हवं होतं, मी येऊ दिलं नाही.’ एवढंच. तो बहुतेक म्हणेल, “जाऊ द्या साहेब.” जाऊ देऊ नका. त्याला विचारा, त्यानंतर त्यानं कुणाला असं काही सांगितलं का, आणि तो बोलेपर्यंत फोन कानाला लावून ठेवा.